लहान मुलांच्या हातावरच्या गाठी : कुठली थांबते, कुठली थांबत नाही

नंदगडची_आई
नमस्कार. माझी लेक अडीच वर्षांची आहे. तिच्या डाव्या हाताचा अंगठा वरच्या सांध्यात वाकलेलाच राहतोय. सरळ करायला गेलं की अडतो. तळहाताच्या बाजूनं, अंगठ्याच्या बुडाशी वाटाण्याएवढी घट्ट गाठ बोटाला लागते. ती रडत नाही, त्याच हातानं चपाती मोडून खाते. पडल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. सासूबाई म्हणूलालेत की अंगठा निसटलाय, हाडं बसवणाऱ्याकडं नेऊन ओढून घेऊया. जाऊबाई म्हणतात, एक्स-रे काढ. बेळगावला जायचं म्हणजे मालकांचा दिवस मोडतो, म्हणून नेमकं कुणाला दाखवायचं ते आधी कळलं तर बरं होईल. खूप काळजी लागलीय.

अनगोळकर
ताई, काही झालं तरी ओढून घेऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण तेवढं आजच थांबवा.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
ताई, तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की माझं अर्धं काम झालं. तरी मूल तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नसतं, हे धरूनच पुढचं वाचा.

एक ते चार वर्षांच्या मुलात अंगठा वाकून अडलेला, दुखत नाही आणि बुडाशी गाठ लागते, असं असलं तर बहुतेक वेळा तो 'ट्रिगर थंब' निघतो. अंगठा वाकवणारी जी दोरी असते, म्हणजे स्नायूबंध, ती बुडाशी एका अरुंद पट्ट्याखालून सरकते. तिथं ती जाड झाली की पट्ट्यात अडकते. तुमच्या हाताला जी गाठ लागते ती त्या दोरीचा जाड झालेला भाग आहे. हाड जागेवरच असतं. सांधा निसटलेला नाही, त्यामुळं 'बसवायला' तिथं काही नसतंच. ओढलं तर मुलीला वेदना होतील आणि दोरीला इजा होईल.

आईबापांना वाटतं की हे जन्मापासून होतं, आपण बघितलंच नाही. तसं नसतं. नवजात बाळं तपासली तर त्यांच्यात हे सापडत नाही, पुढं वर्षा-दोन वर्षांत तयार होतं. तान्ही मुलं अंगठा मुठीत धरूनच असतात, म्हणून लक्षात उशिरा येतं. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

बऱ्याच मुलांचा अंगठा काही वर्षांत आपोआप सुटतो. म्हणून घाई नसते. हलके व्यायाम आणि काही वेळा अंगठा सरळ धरणारी पट्टी यांचा थोडा उपयोग होतो, पण ते आधी दाखवून शिकून घ्यायचे, यूट्यूबवर बघून नाही. मोठ्या माणसांना आम्ही तिथं स्टेरॉईडचं इंजेक्शन देतो, लहान मुलांत सहसा देत नाही. वाट बघूनही सुटला नाही, किंवा अडून वरचा सांधा आखडायला लागला, तर तो पट्टा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. पूर्ण भूल द्यावी लागते. तिथं बोटाच्या संवेदनेच्या नसा अगदी जवळून जातात, म्हणून ती लहान मुलांच्या हाताचा सराव असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या.

आणि हो, दुसरा अंगठाही बघा. काही मुलांत दोन्हीकडं असतो.

नंदगडची_आई
डॉक्टर, खूप खूप आभार. जीव भांड्यात पडला. दुसरा अंगठा बघितला, सरळ होतोय. एक्स-रे लागेल का मग?

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
मार लागलेला नसेल आणि तपासणीत चित्र स्पष्ट असेल तर सहसा लागत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला एकदा दाखवा. जवळ म्हणून बेळगावच्या बिम्सची, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची ओपीडी चालेल. फक्त आठवड्याभरात सूज, लाली, ताप आला तर थांबू नका, ते वेगळं काहीतरी असेल.

निपाणीची_वहिनी
याच धाग्यावर विचारते. माझ्या पुतण्याच्या मनगटावर मागच्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे. नऊ वर्षांचा आहे. कधी मोठी दिसते, कधी बसल्यासारखी वाटते. गल्लीतल्या एकानं सांगितलं की जाड वहीनं जोरात मारलं की फुटून जाते. त्याच्या लहानपणी तसंच केलं होतं म्हणे.

बालरोग_टिळकवाडी
वहिनी, मारू नका. मारल्यानं गाठ फुटली तरी बऱ्याचदा परत येते, आणि मनगटातली लहान हाडं नि नसा मार खातात.

लहानमोठी होणारी, घट्ट पण रबरासारखी, मनगटाच्या सांध्याजवळची गाठ बहुतेक गँगलियन असते. सांध्यातला किंवा दोरीच्या आवरणातला चिकट द्रव एका पिशवीत साठतो, जेलीसारखा. खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च गाठीला टेकवून बघा. आतून लालसर उजेड पसरलेला दिसला तर आत द्रव असण्याची शक्यता जास्त. उजेड अडला तर गाठ भरीव असू शकते. घरच्या घरी एवढं बघायला हरकत नाही, पण ते निदान नव्हे, डॉक्टरांना सांगायची एक गोष्ट आहे.

लहान मुलांत ही गाठ वर्षभरात आपोआप जाण्याचं प्रमाण चांगलं आहे, मोठ्यांपेक्षा बरंच चांगलं. सुईनं द्रव काढता येतो, पण तो बऱ्याचदा परत भरतो. शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा येऊ शकते. म्हणून दुखत नसेल, लिहिताना अडत नसेल, बोटांना मुंग्या येत नसतील तर आम्ही थांबायलाच सांगतो. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला, नाडी लागते तिथं गाठ असेल तर मात्र तिला सुई लावण्याआधी सोनोग्राफी हवीच, कारण रक्तवाहिनी अगदी चिकटून असते.

बोटाच्या बुडाशी, तळव्याकडून, तुरीच्या दाण्याएवढी टणक गाठ लागते ना, तीही याच जातीची. हाडासारखी कडक वाटते, म्हणून लोक घाबरतात.

चिकोडीचा_ऊसवाला
डॉक्टर, आमच्याकडं वेगळीच तऱ्हा आहे. ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा, सात-आठ वर्षांचा. तळहातात काटा मोडला होता, वरचा तुकडा काढला. जखम भरली पण तिथं गाठ राहिलीय, दाबलं की दुखते, मधूनच पाणी येतं. एक्स-रे काढला तर काही दिसलं नाही म्हणून घरी पाठवलं.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
साध्या एक्स-रेत लाकूड आणि काटा सहसा दिसत नाही. काच, धातू दिसतो. बाभळीचा काटा, उसाचा बारीक तुकडा, बांबूची कुसळ आत राहिली की शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं, आणि महिनोन्महिने तशी राहते. सांध्याजवळ गेली तर सांधाही सुजतो. सोनोग्राफीत सहसा सापडते. सोनोग्राफी करणाऱ्याला "काटा मोडला होता, तुकडा आत राहिला असावा" हे तोंडानं सांगायचं, म्हणजे तो तसं शोधतो. आंधळेपणानं चिरून काटा शोधू नये. धनुर्वाताची लस झालीय का तेही विचारा. टोळीतल्या मुलांची ती चुकलेली असण्याची शक्यता जास्त.

पाणी येतंय म्हणता, म्हणजे आता थांबू नका.

चिकोडीचा_ऊसवाला
उद्याच घेऊन जातो. त्यांच्या मुकादमाला मी बोलतो.

आशा_खानापूर
मी आशा कार्यकर्ती. गावात लसीनंतरच्या गाठींवरून फार गैरसमज आहेत, म्हणून लिहिते. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी देतात. काही आठवड्यांनी तिथं पुरळीसारखी गाठ येते, तिच्यात पू होतो, खपली धरते आणि व्रण राहतो. हे अपेक्षितच आहे. हळद, चुना, तेल, मलम काही लावायचं नाही. पण काही बाळांना त्याच बाजूच्या काखेत गाठ येते आणि बाया "काखमांजरी झाली" म्हणून शेक देतात, कुणी लिंबाचा पाला बांधतं. डॉक्टर, यावर तुम्ही नीट लिहा की, मी गटात सगळ्यांना पाठवते.

बालरोग_टिळकवाडी
ताई, तुम्ही हे विचारलंत ते फार बरं केलंत. यावर थोडं सविस्तर लिहितो.

बीसीजीनंतर डाव्या काखेत, क्वचित हासळीच्या हाडाजवळ, म्हणजे गळ्याच्या बुडाशी असलेल्या आडव्या हाडाजवळ गाठ येऊ शकते. साधारण पहिल्या काही महिन्यांत दिसते. बाळाला ताप नसतो, दूध नीट पितं, गाठ दाबली तरी फारसं रडत नाही. लसीतल्या जिवंत पण अशक्त जंतूंना बाळाचं शरीर देत असलेलं ते उत्तर आहे. अशा बहुतेक गाठी औषधाशिवाय काही महिन्यांत विरतात. या साध्या गाठीला टीबीची औषधं लागत नाहीत, अँटिबायोटिकही लागत नाही. गाठ मऊ पडली, वरची कातडी लाल-पातळ झाली तर आत पू झालाय असं समजायचं. तेव्हा बालरोगतज्ज्ञ किंवा सर्जन सुईनं पू ओढून घेतात. चिरा मारायचा नाही. चिरा मारला की जखम वाहत राहते, भरायला फार वेळ लागतो.

पण बाळाचं वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया, तोंडात बुरशी, कातडीवर गाठी, असं काही बरोबर असेल तर ती नुसती बीसीजीची गाठ म्हणून सोडू नका. प्रतिकारशक्ती तपासावी लागते.

उजव्या दंडावर गोवर-रुबेलाची लस देतात, पाच वर्षांनंतरचा डीपीटी दंडात देतात. तिथं सुईच्या जागी घट्ट गाठ काही आठवडे राहिली तर घाबरू नका. मात्र लाल, गरम, ठणकणारी आणि वाढत जाणारी असेल तर तपासा. आणि गाठ आली म्हणून पुढची लस चुकवू नका. दवाखान्यात जाताना 'तायी कार्ड', म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड बरोबर घ्या, कुठली लस कुठल्या हाताला, कधी, हे त्यावरून कळतं.

काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, जरा वर येणारी गाठ मोठ्या मुलांत बऱ्याचदा 'अवधाण' असतं. हाताला कुठंतरी जखम, फोड, खरूज असते आणि तिचा पहारा म्हणून गाठ सुजते. वसतिगृहातल्या मुलांत खरूज फार बघतो मी. आधी बोटांच्या बेचक्यात बघा. मांजरानं ओरबाडलं असेल तर तेही आवर्जून सांगा, त्यातून एक जंतू येतो आणि काही आठवड्यांनी गाठ सुजते.

येळ्ळूरचा_मामा
माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, कारण इथं कुणाच्या तरी उपयोगी पडेल. काजूच्या झाडावरून पडला, कोपर सुजलं. प्लास्टर काढल्यावर हात सरळ होईना म्हणून गावातल्या एकाकडं रोज तेल लावून चोळून घेतलं, जोर लावून सरळ करायचा प्रयत्न केला. थोड्याच आठवड्यांत कोपराच्या पुढं दगडासारखी गाठ झाली आणि हात पहिल्यापेक्षाही कमी हलायला लागला. ज्यांनी चोळलं त्यांच्यावर राग काढायचा नाही मला, ते पिढ्यान्पिढ्या तेच करत आलेत. पण कोपर चोळायचं नसतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर पोराचं हाल टळलं असतं.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
मामा, हे लिहिलंत म्हणून आभार. कोपराच्या दुखापतीनंतर मालिश केली की स्नायूच्या आत हाड तयार होऊ शकतं. त्याला 'मायोसायटिस ऑसिफिकन्स' म्हणतात. आमच्याकडं अशी मुलं नेहमी येतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण टाळता येण्यासारखं असतं. प्लास्टर निघाल्यावर मुलाला त्याच्या हातानं खेळू द्या, जेवू द्या, तेवढ्यानंच कोपर हळूहळू सुटतं. बाहेरून जोर नको, तेल नको. गाठ झाली असेल तर चोळणं बंद करून लगेच दाखवा. ती लगेच कापून काढायची नसते. हाड पक्व होईपर्यंत थांबावं लागतं.

मोडलेल्या हाताच्या जागी प्लास्टर निघाल्यावर फुगीर भाग लागतो, तो मात्र वेगळा. हाड जोडताना तिथं जास्तीचं हाड बनतं. लहान मुलांत ते वाढीबरोबर घासून गेल्यासारखं समतल होतं.

निपाणीची_वहिनी
अहो, गाठ म्हटलं की आमच्याकडं सगळ्यांच्या मनात एकच येतं. कॅन्सर. तो शब्द कुणी उच्चारत नाही, पण रात्री झोप येत नाही. मुलांच्या हातात तसं असतं का? स्पष्ट सांगा डॉक्टर.

बालरोग_टिळकवाडी
असतं, पण फार क्वचित. मुलांच्या हातावरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे मी खात्रीनं सांगतो. तरी त्या क्वचित गाठीसाठीही कधी दाखवायचं ते ठरलेलं असावं.

मी कशानं दचकतो ते सांगतो. आठवड्यागणिक वाढणारी गाठ. खोल असलेली, भरीव, खालच्या भागाला चिकटलेली, बोटानं हलवली तर न हलणारी. पाच सेंटिमीटरच्या पुढं गेलेली, पण मुलाचा हात लहान, म्हणून त्याहून लहान असली तरी वाढत असेल तर तेच. रात्री झोपेतून उठवणारं हाडातलं दुखणं. कारण नसता ताप, वजन घटणं, चेहरा फिकट पडणं, अंगावर निळे डाग. गळ्याच्या बुडाशी हासळीच्या हाडावर आलेली गाठ, तिला मी कधीच थांबू देत नाही. आणि एकदा काढलेली गाठ त्याच जागी परत येणं. ब्रिटनमध्ये मुलांची न समजणारी वाढती गाठ दिसली तर ४८ तासांत सोनोग्राफीचा विचार करा, असं तिथल्या डॉक्टरांना सांगितलेलं आहे. आपण किमान आठवड्याच्या आत तरी करून घेऊ.

तपासणी साधारण अशी चालते : आधी हात लावून, मग सोनोग्राफी, हाडाशी संबंध वाटला तर एक्स-रे, शंका राहिली तर एमआरआय. मग तुकडा तपासणी. यातली एक गोष्ट जीव तोडून सांगतो. खोल, संशयास्पद गाठ छोट्या दवाखान्यात "साधीच दिसते, काढून टाकू" म्हणून काढू देऊ नका. आधी एमआरआय, आणि तुकडा तिथंच घ्यावा जिथं पुढची शस्त्रक्रिया होणार. चुकीच्या जागी चिरा पडला तर पुढं हात वाचवणं अवघड होतं. आपल्याकडून बेंगळुरूचं किदवई आणि मुंबईचं टाटा मेमोरियल ही दोन कॅन्सर रुग्णालयं त्यासाठी आहेत. काढलेली कुठलीही गाठ, कितीही साधी दिसली तरी, पॅथॉलॉजीला पाठवाच. बादलीत टाकू देऊ नका, तुम्ही स्वतः विचारा.

संकेश्वरचा_बाबा
माझ्या मुलाला दंडावर, खांद्याच्या जरा खाली हाडासारखी गाठ आहे. बारा वर्षांचा आहे. दुखत नाही, फक्त दप्तराचा पट्टा लागतो. एक्स-रेत 'ऑस्टिओकॉन्ड्रोमा' लिहून आलं. घरात रडारड सुरू आहे. शेवटी 'ओमा' आहे म्हणून कुणीतरी कॅन्सर सांगितलं.

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
बाबा, घरी सांगा, रडू नका. ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाडाची साधी वाढ आहे. हाड जिथून लांबीला वाढतं त्या पट्टीजवळून कूर्चेची टोपी घेऊन फांदीसारखी बाहेर येते. मूल वाढेल तशी ती वाढते आणि उंची थांबली की तीही थांबते. दुखत नसेल, नस किंवा शिरा दबत नसेल तर वेळोवेळी एक्स-रे काढून बघायचं, एवढंच. पट्टा फार लागत असेल तर काढता येते. वाढ थांबल्यानंतरही ती मोठी होत असेल, किंवा दुखायला लागली असेल, तर पुन्हा तपासायची. अंगावर दुसरीकडं, गुडघ्याजवळ, मनगटाजवळ अशाच गाठी आहेत का, आणि वडील-आजोबांना होत्या का, हे बघा. घराण्यातून येणारा एक प्रकार असतो.

बोटाच्या हाडात पोकळ भाग असतो असाही एक प्रकार आहे, एन्कॉन्ड्रोमा. तो बहुतेकदा चेंडू लागून बोट मोडलं की एक्स-रेत अचानक दिसतो. तोही साधा.

संकेश्वरचा_बाबा
डॉक्टर, मोबाइल घेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. आज घरात जेवण झालं.

आशा_खानापूर
खर्चाचं मी सांगते. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. गाठ असेल तर त्यांना दाखवा, ते पुढं चिठ्ठी देतात. शस्त्रक्रिया लागली तर बीपीएल कार्डवर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण आणीबाणी नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी आधी लागते. थेट खासगीत गेलात तर अडतं. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून कुठली कागदं लागतात ते आधी विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. चिठ्ठ्या कन्नडात असतात, वाचता येत नसल्या तर मला किंवा शाळेतल्या बाईंना दाखवा. न समजता घडी घालून ठेवू नका.

अनगोळकर
डॉक्टर, ज्यांना "थांबा, बघू" म्हणून घरी पाठवतात, त्यांनी घरी नेमकं काय बघायचं?

बालरोग_टिळकवाडी
महिन्यातून एकदा, त्याच तारखेला, गाठीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघा. गाठीवर नुसतं डोळ्यानं लक्ष ठेवलं तर रोज मोठी वाटते. तारीख लिहा, दुखतं का, रात्री उठतो का, बोटं सगळी हलतात का, तेही लिहा. रोज दाबून बघू नका, दाबल्यानं गाठ सुजते आणि मग तीच वाढलीय असं वाटतं. पुढच्या भेटीत ते फोटो दाखवा. कितीतरी अनावश्यक तपासण्या त्यानं टळतात आणि लागणाऱ्या वेळेवर होतात.

बेळगुंदीची_मावशी
माझ्या नातीला जन्मानंतर पंधरा दिवसांनी दंडावर लाल ठिपका आला, आता तीन महिन्यांत स्ट्रॉबेरीसारखा फुगलाय. ही पण गाठच ना? दृष्ट लागली म्हणून काळा दोरा बांधायला सांगितलाय कुणीतरी.

बालरोग_टिळकवाडी
मावशी, दोरा गाठीवर किंवा हातावर घट्ट बांधू नका, रक्त अडेल. बहुतेक ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, हिमँजिओमा. जन्मानंतरच्या आठवड्यांत येते, पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं वाढते आणि मग काही वर्षांत हळूहळू विरत जाते. जन्मतःच असलेली, मुलाबरोबरच वाढणारी निळसर मऊ गाठ हा वेगळा प्रकार, तो विरत नाही. तुमच्या नातीच्या गाठीवर जखम झाली, रक्त आलं किंवा ती फारच वेगानं वाढत असेल तर प्रोप्रानोलॉल नावाचं औषध असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचं. हे औषध लवकर सुरू केलं तरच जास्त उपयोगी पडतं, म्हणून या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगावर असे आणखी ठिपके आहेत का ते बाळाचे कपडे काढून मोजून या. पाच किंवा जास्त असतील तर पोटाची सोनोग्राफीही करावी लागते.

नंदगडची_आई
बिम्समध्ये दाखवून आलो. ट्रिगर थंबच आहे म्हणाले. एक्स-रे काढला नाही. व्यायाम दाखवलेत, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारलं, "ओढलं तर?" आणि उत्तर ऐकून घरी येईपर्यंत त्याच सगळ्यांना सांगत होत्या. एक विचारायचं राहिलं. व्यायाम करताना ती हात मागं ओढून घेते, जबरदस्ती करू का?

मिरजेचा_अस्थितज्ज्ञ
नको. आंघोळीच्या कोमट पाण्यात, खेळवत, अंगठ्याचं बूड एका बोटानं धरून टोक हलकेच वर न्या, अडलं तिथं थांबा आणि सोडा. दुखलं की थांबायचं. झोपेत केलं तरी चालतं.